आपली यादी आपल्या हाती : समाजमाध्यमांच्या काळातला फीड रीडर

प्रस्तावना

नोव्हेंबर २०२५ च्या सुरुवातीला चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीची म्हणून एक चित्रफीत घराघरांतल्या मोबाइलवर येऊन थडकली. वन विश्रामगृहाबाहेर बसलेल्या माणसावर वाघ झडप घालतो आणि त्याला फरफटत नेतो, असे सीसीटीव्हीत टिपल्यासारखे दृश्य. वनखात्याने खुलासा केला की, असे काही घडलेलेच नाही. चित्रफीत कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली आहे. पण चित्रफीत जिथवर गेली तिथवर खुलासा गेला नाही.

मोहफुले वेचताना, तेंदूपाने तोडताना, गुरे चारताना माणूस वाघाच्या तावडीत सापडतो, हे ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडच्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. म्हणून तर खोटी चित्रफीत खरी वाटली. आता दुसरी बाजू पाहा. ज्या मोबाइलवर ही चित्रफीत न मागता आली, त्याच मोबाइलवर तेंदू लिलावाची निविदा, वनरक्षक भरतीची जाहिरात, वरच्या धरणातून पाणी सोडल्याचा इशारा, खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी किंवा वनहक्कांविषयीचा नवा शासन निर्णय सहसा वेळेवर येत नाही. त्यांत थरार नाही, करमणूक नाही. कोणाला ते पुढे पाठवावेसे वाटत नाही. मात्र यांतले एखादे नजरेतून सुटले तर वर्षाची कमाई, नोकरीची संधी किंवा हरकत नोंदवण्याचा हक्क हातचा जातो.

ही पुस्तिका या विसंगतीवरच्या एका जुन्या आणि साध्या उपायाविषयी आहे. त्याचे नाव फीड रीडर. अनेकांनी तो कधीच मोडीत काढला. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांतून पाहिले तर त्याचे खरे काम अजून सुरूच व्हायचे आहे, असे माझे म्हणणे आहे. पुढील प्रकरणांत त्याची कृती दिली आहे. इथे त्यामागचा विचार मांडतो.

आधी फीड म्हणजे काय ते पाहू. एखादे संकेतस्थळ आपल्या नव्या मजकुराची यादी एका ठरलेल्या साच्यातल्या फाइलमध्ये लिहून ठेवते. प्रत्येक नोंदीत शीर्षक, दुवा, तारीख-वेळ, थोडा गोषवारा आणि त्या नोंदीची कायमची ओळखखूण. ही फाइल म्हणजे फीड. रीडर हे वाचकाच्या बाजूचे साधन. वाचकाने ज्या स्थळांचे पत्ते दिले असतील त्यांच्या याद्या रीडर ठरावीक वेळाने तपासतो, नवे तेवढे उचलतो आणि एका पानावर तारखेच्या क्रमाने मांडतो. कोणती नोंद वर चढवायची आणि कोणती दाबून ठेवायची, हे ठरवणारा मधला मालक इथे नसतो. त्या स्थळाला आपले नाव किंवा मोबाइल नंबर द्यावा लागत नाही. एखादे स्थळ नकोसे झाले की पत्ता काढून टाकायचा, विषय संपला. शिवाय आपली सगळी यादी ‘ओपीएमएल’ नावाच्या छोट्या फाइलमध्ये बाहेर काढता येते आणि दुसऱ्या रीडरमध्ये जशीच्या तशी भरता येते. दुकान बंद पडले तरी आपला माल आपल्याकडेच राहतो. समाजमाध्यमांत वर्षानुवर्षे जमवलेली माणसे आणि पाने अशी उचलून दुसरीकडे नेण्याची सोय बहुतेक ठिकाणी नाही, हा दोहोंतला सर्वांत मोठा फरक.

फीडच्या साच्याचा पहिला आराखडा मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत तयार झाला. तो करणाऱ्या दोघांपैकी रामनाथन गुहा हे मद्रासच्या आयआयटीत शिकलेले. दुसरे डॅन लिबी. पुढे त्याच्या आवृत्त्यांवरून बरेच वाद झाले. २००० सालच्या आवृत्तीच्या कामात ॲरन स्वार्ट्झ हा चौदा वर्षांचा मुलगा होता, तर २००२ मध्ये डेव्ह वायनर यांनी ‘आरएसएस २.०’ आणले. आज सर्वाधिक चालते ते हेच. २००५ मध्ये ‘ॲटम’ हा दुसरा साचा प्रमाण म्हणून मान्य झाला. वाचकाला या भांडणांशी घेणेदेणे नाही, कारण सगळे रीडर दोन्ही साचे वाचतात.

मराठीत हे वारे त्याच सुमारास आले. मायबोली १९९६ पासून होते, मनोगत २००४ मध्ये सुरू झाले, मिसळपाव २००७ मध्ये. युनिकोडमुळे देवनागरी कोणत्याही संगणकावर दिसू लागली आणि पुण्या-मुंबईइतकेच परदेशांतलेही मराठी लोक अनुदिन्या लिहू लागले. कोणी काय नवे लिहिले, हे शोधत बसण्याऐवजी ‘मराठी ब्लॉग विश्व’सारख्या स्थळावर एक चक्कर मारली की पुरे, ते स्थळ नोंदवलेल्या अनुदिन्यांची फीड गोळा करून ताजे लेखन एका पानावर दाखवत असे. २००८ मध्ये ‘स्टार माझा’ वाहिनीने ‘ब्लॉग माझा’ स्पर्धा घेतली, इतका त्या लेखनाचा बोलबाला होता. स्वतःचा रीडर उघडून वाचणारा मराठी वाचक मात्र तेव्हाही मूठभरच होता आणि तो बहुतेक करून गूगल रीडर वापरत होता.

गूगल रीडर ऑक्टोबर २००५ मध्ये आला. १३ मार्च २०१३ रोजी कंपनीने तो बंद करण्याचे जाहीर केले, कारण वापर घटत चालला होता. १ जुलै २०१३ रोजी तो बंद झाला. जाहीर होताच लोकांनी पर्यायांकडे धाव घेतली. ४८ तासांत पाच लाखांहून अधिक वाचक आपल्याकडे आल्याचे एकट्या फीडलीने सांगितले. तरीही तो दिवस फीड रीडरच्या उताराचा दिवस म्हणूनच नोंदला गेला. फेसबुकने २००६ च्या सप्टेंबरात ‘न्यूज फीड’ सुरू केले होते; नाव फीडचे, पण निवड कंपनीची. ट्विटरने २०१३ मध्ये आपली फीड बंद केली आणि २०१६ मध्ये तारखेचा क्रम मोडून यंत्राने लावलेला क्रम पुढे आणला. डिसेंबर २०१८ च्या आवृत्तीत फायरफॉक्सनेही फीड वाचण्याची सोय काढून टाकली. भारतीय भाषांतल्या बातम्या एका ठिकाणी देणारी डेलीहंटसारखी ॲप आली, पण तिथेही आपल्यापुढे काय येणार हे ठरवण्यात आपला हात थोडा आणि यंत्राचा जास्त.

हा फरक ताडोब्याच्या भाषेत चटकन कळतो. सफारीत एका जिप्सीला वाघ दिसला की निरोप फिरतो आणि बाकीच्या गाड्या धुरळा उडवत तिकडेच धावतात. एका वाघिणीभोवती गाड्यांची रांग लागते, तिचेच फोटो निघतात आणि रस्त्यात सुटलेल्या गव्याकडे, रानकुत्र्यांकडे कोणी वळून पाहत नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसणाऱ्याचे काम वेगळे. तो कुठे धावत नाही. जे येईल ते, ज्या वेळी येईल त्या वेळी नोंदवतो, मग तो वाघ असो की सायाळ. समाजमाध्यम जिप्सीसारखे चालते, रीडर मचाणासारखा. जिप्सीत मजा जास्त आहे, हे कोणी नाकारणार नाही. पण त्या जंगलात काय आहे, हे मचाणावरच्या वहीतून कळते.

रीडर मेला असे म्हणणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट निसटते. खाली वाहणारी फीड आटलेलीच नाही. पॉडकास्ट ऐकणारा प्रत्येक जण नकळत फीड वापरतो. नवा भाग ॲपमध्ये उतरतो तो फीडमधूनच. वर्डप्रेसवर उभारलेल्या लाखो स्थळांना फीड आपोआप मिळते. यूट्यूबच्या प्रत्येक वाहिनीला ती आहे. मराठी विकिपीडियावरचे अलीकडील बदल, किंवा एखाद्या लेखाचा इतिहास, फीडमधून पाहता येतो. ‘गडचिरोली जिल्हा’ या लेखात कोणी काय बदलले हे कळायला रोज पान उघडावे लागत नाही. केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचीही फीड आहे. नळ शाबूत आहेत, तोटी उघडणारे कमी झाले आहेत.

आता या दोन जिल्ह्यांत हे कुठे उपयोगी पडते ते पाहू. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. तरी दोन्हीकडच्या माणसाच्या आयुष्यावर परिणाम करणाऱ्या बातम्यांचे उगम जिल्ह्याबाहेर पसरलेले आहेत. काही मुंबईत, काही दिल्लीत, काही नागपुरात, तर काही थेट छत्तीसगड-तेलंगणात.

पहिले उदाहरण पुराचे. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. पर्लकोटेचा पूल पाण्याखाली गेला की आलापल्लीकडचा रस्ता तुटतो आणि तालुक्यातली गावेच्या गावे अडकून पडतात. हे पाणी बरेचसे वरच्या छत्तीसगडातून येते. दक्षिणेला सिरोंचात गोदावरी आणि प्राणहिता आहेत, पलीकडे तेलंगणाचे मेडीगड्डा धरण आहे. जुलै २०२२ च्या पुराने सिरोंचाची काय दैना केली, ती तिथली माणसे विसरलेली नाहीत. म्हणजे भामरागडच्या माणसाला कांकेर-नारायणपूरचा इशारा आणि सिरोंचाच्या माणसाला तेलंगणाचा इशारा स्वतःच्या जिल्ह्याच्या इशाऱ्याइतकाच मोलाचा. समाजमाध्यमाचे यंत्र त्याला हे दाखवणार नाही, कारण त्याच्या लेखी ती परक्या राज्याची बातमी आहे.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ या व्यवस्थेवर देशभरचे इशारे एका आंतरराष्ट्रीय साच्यात निघतात आणि ते फीडमधूनही मिळतात. अशा इशाऱ्यात काय असते ते जवळून पाहण्यासारखे आहे. धोका कशाचा आहे, तातडी किती, तीव्रता किती, खात्री किती, क्षेत्र कोणते, इशारा कधीपासून लागू आणि कधी संपतो, आणि तो काढला कोणी, असे वेगवेगळे रकाने त्यात असतात. ‘आज रात्री ढगफुटी, सर्वांना कळवा’ या फिरत्या संदेशात यांपैकी एकही रकाना नसतो. तो संदेश कालचा आहे की तीन वर्षांपूर्वीचा, हेही कळत नाही. इशाऱ्याची मुदत त्याच्या अंगावरच लिहिलेली असणे, ही पूरग्रस्त गावात छोटी गोष्ट नाही.

दुसरे उदाहरण जनसुनावणीचे. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार सुनावणीची किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि ती एका राष्ट्रीय व एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात छापावी लागते. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर सूचना आणि प्रकल्पाचा कार्यकारी सारांश मराठी-इंग्रजीत टाकला जातो. नियम पाळला गेला, असे कागदावर म्हणता येते. पण एटापल्ली तालुक्यातल्या आतल्या टोल्यावर त्या दिवशी ते दैनिक पोचते का? सुरजागडच्या लोहखाणीचे उत्पादन वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्याविषयीची सुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली ती गडचिरोलीला, खाणीपासून शंभर किलोमीटरांहून दूर. प्रकल्पाच्या बाजूने बोला की विरोधात, तयारीला मिळणारे ३० दिवस त्या सुनावणीत जाणाऱ्या माणसाची खरी पुंजी असतात. सूचना निघाली त्या दिवशी कळली तर ३० दिवस. वीस दिवसांनी कोणी सांगितली तर दहा.

तिसरे उदाहरण अभ्यासिकेतल्या मुलामुलींचे. चंद्रपूर असो, वडसा असो की अहेरी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी तरुण मंडळी सगळीकडे आहेत. गडचिरोली पोलिसांच्या ‘एक गाव, एक वाचनालय’ उपक्रमातून दुर्गम गावांतही वाचनालये उभी राहिली आहेत. ‘जाहिरात आली का?’ हा तिथला रोजचा प्रश्न, आणि उत्तर येते टेलिग्रामच्या वाहिन्यांवरून. तिथे जाहिरातीची पीडीएफ मिळते हे खरे, पण तिच्या मागेपुढे पाच शिकवण्यांच्या जाहिराती, मागल्या वर्षीची सूचना आणि ‘शेवटची संधी’ असे ओरडणारी चित्रे असतात. जिल्ह्याच्या शासकीय संकेतस्थळावर घोषणा, भरती, निविदा असे स्वतंत्र कप्पे आहेत. त्या कप्प्यांत पडलेली नोंद, तारखेसह, मूळ दुव्यासह, मधल्या कोणाच्याही टिप्पणीविना मिळावी, एवढीच या मुलांची गरज आहे.

तारीख आणि मूळ दुवा यांवर मी इतका भर का देतो, हे कात्रणांवरून कळेल. आपल्याकडे बातमी फिरते ती वर्तमानपत्राच्या कात्रणाचा मोबाइलवर काढलेला फोटो म्हणून. पत्राचे नाव कापलेले, तारीख कापलेली, बातमी अर्धी. शासन निर्णयाचेही तेच. फिरतो तो पहिल्या पानाचा फोटो. प्रत्येक निर्णयाचा अठरा आकडी संकेतांक मात्र शेवटी, सहीच्या वर छापलेला असतो, आणि निर्णय खरा की खोटा हे शासनाच्या संकेतस्थळावर तपासायचे तर तोच आकडा लागतो. म्हणजे पुरावा असलेले पान सोडून बाकीचा कागद गावभर फिरतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच ठिकाणीच संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. वेग कमी झाला. संदेश कुठून निघाला, हे मात्र वाचणाऱ्याला तेव्हाही कळत नव्हते आणि आजही कळत नाही. फीडमधली नोंद खोटी असू शकते, पण ती अनाथ नसते. कोणाच्या दारातून आली ते तिच्यावर लिहिलेले असते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: इथले लोक व्हॉट्सॲप सोडून रीडर वापरणार नाहीत. बरोबर आहे, आणि वापरायची गरजही नाही. त्यासाठी धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडे पाहावे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा देणाऱ्या या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामाबद्दल बोलताना घोषणेची आठवण सगळे काढतात, अभ्यासगटाची कमी जण काढतात. मेंढ्यात निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेते, पण त्याआधी विषय अभ्यासगटात बसून समजून घेतला जातो. कायद्यात काय म्हटले आहे, कागदावर काय लिहिले आहे, याची चर्चा तिथे होते आणि मग विषय सभेपुढे जातो.

रीडरची जागा नेमकी त्या अभ्यासगटात आहे. गावातल्या दोघा-तिघांनी रीडर सांभाळावा. वनविभाग, महसूल, प्रदूषण मंडळ, आपत्ती व्यवस्थापन, शेजारच्या राज्यांचे इशारे, दोन-चार विश्वासाची वृत्तपत्रे एवढी यादी पुरे. रोज सकाळी दहा मिनिटे पाहावे, कामाची नोंद मूळ दुव्यासह गावाच्या व्हॉट्सॲप गटात टाकावी आणि महत्त्वाचे ते ग्रामसभेत वाचून दाखवावे. व्हॉट्सॲप वाटपासाठी उत्तम आहे; निवड करणे हे त्याचे काम नाही. निवड गावाने करायची.

दुसरा आक्षेप रेंजचा. इथे मात्र रीडर समाजमाध्यमापेक्षा सरस ठरतो. फीडची फाइल मजकुराची असते, साधारण काही डझन किलोबाइटांची. एका मिनिटाची चित्रफीत तिच्या शंभरपट जाते. शिवाय मागच्या भेटीनंतर काही बदलले नसेल तर स्थळ ‘बदल नाही’ एवढेच उत्तर देते, फाइल पुन्हा उतरवावीच लागत नाही. बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलेला मुलगा तिथल्या रेंजमध्ये सगळे उतरवून घेऊ शकतो आणि घरी येऊन रेंजविना वाचू शकतो. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकशी केलेल्या इरादापत्रात गडचिरोलीचे नाव आहे. उपग्रहावरून जाळे येईल तेव्हा येवो. रीडर आजच्या दोन कांड्यांवरही चालतो.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: गोंडी आणि माडिया बोलणाऱ्या, वाचनाची सवय नसलेल्या माणसाला या याद्यांचा काय उपयोग? याचे उत्तर शेजारच्या छत्तीसगडात आहे. शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘सीजीनेट स्वरा’ने साध्या मोबाइलवरून आपली तक्रार किंवा बातमी बोलून नोंदवण्याची सोय केली. संपादक ती तपासत आणि मग तोच नंबर फिरवून कोणालाही ती ऐकता येई. गोंडी बोलणाऱ्यांना आपल्या भाषेत बातमी सांगता आणि ऐकता आली, रेशन आणि हातपंपाच्या तक्रारी अधिकाऱ्यांपर्यंत गेल्या. फीडमध्ये आवाज घालता येतो. पॉडकास्ट म्हणजे तेच. अभ्यासगटातल्या मुलीने दिवसभरातल्या तीन नोंदी माडियात दोन मिनिटांत सांगून ठेवल्या तर ती गावाची बातमीपत्रिका झाली. वाचता न येणे हा अडथळा फीडचा नाही, ती फक्त मजकुराची समजणाऱ्यांचा आहे.

गाव इथे केवळ वाचक नाही, प्रकाशकही आहे. गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा आपले तेंदू स्वतः विकतात. निविदेची जाहिरात वृत्तपत्रात द्यावी लागते, तिला पैसे पडतात, आणि ती थोड्याच व्यापाऱ्यांच्या नजरेस पडली तर बोली पडते. ग्रामसभांच्या महासंघाने निविदांचे एक साधे पान आणि त्याची फीड ठेवली तर गोंदियाचा, तेलंगणाचा किंवा त्याहून लांबचा व्यापारी ती थेट घेऊ शकेल. जाहिरातीचा नियम आहे तो पाळावाच. फीड ही त्यावरची भर. बोलीला माणसे वाढली की भाव वाढतो, हे तेंदूच्या फळीवर बसलेल्या मुनशीला कोणी शिकवायला नको.

रीडरची दुखणीही सांगितली पाहिजेत. शासकीय सूचना बहुधा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये असतात, कधी जुन्या अ-युनिकोड फाँटमध्ये. त्यांतला शब्द शोधला तर सापडत नाही. शीर्षक असते नुसते ‘जाहीर सूचना’ किंवा ‘परिपत्रक’. अशा शीर्षकांची फीड मिळाली तरी वाचकाला प्रत्येक फाइल उघडूनच पाहावी लागणार. अनेक कार्यालयांच्या पानांना फीड नाहीच, तिथे बदल टिपणारी दुसरी साधने वापरावी लागतात. त्यांची कृती एका प्रकरणात दिली आहे. आणखी एक धोका वाचकाचा स्वतःचा. आपणच यादी करायची म्हटल्यावर माणूस आपल्या मताचीच स्थळे भरतो आणि स्वतःभोवती कुंपण घालून घेतो. म्हणून यादीत आपल्याला न पटणारे एखादे तरी वृत्तपत्र असू द्यावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने या चित्रात दोन्ही बाजूंनी बदल केला आहे. ब्रह्मपुरीचा खोटा वाघ तिने जन्माला घातला. तसा उद्याचा खोटा शासन निर्णयही ती घालील. जसजसे खोटे स्वस्त होईल तसतसे ‘हे कोणाच्या दारातून आले?’ या प्रश्नाचे मोल वाढेल, आणि त्या प्रश्नाचे उत्तर फीडकडे तयार असते. दुसरीकडे, तीच बुद्धिमत्ता इंग्रजीतल्या दोनशे पानी पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश करून देऊ शकते, स्कॅन केलेल्या पानातला मजकूर ओळखू शकते. अशा यंत्राला चांगला कच्चा माल लागतो. तो विश्वासाच्या याद्यांतून आला तर सारांशावर भरवसा ठेवता येतो. व्हॉट्सॲपच्या गाळातून आला तर गाळाचाच सारांश हाती येतो.

मग फीड रीडरचे भवितव्य काय? फेसबुक किंवा इन्स्टाग्रामसारखा तो घराघरांत जाणार नाही. त्यात पैसा नाही, व्यसन नाही, आणि यादी करण्याचे कष्ट आहेत. पण ग्रंथालयात, अभ्यासिकेत, ग्रामसभेच्या अभ्यासगटात, तालुक्याच्या पत्रकाराच्या मोबाइलवर त्याची जागा पक्की आहे. तिथे एकाने वाचलेले शंभरांना पोचते. रीडर टिकेल की नाही हे ॲप बनवणाऱ्यांपेक्षा मजकूर काढणाऱ्यांच्या हाती आहे. कार्यालयांनी, वृत्तपत्रांनी, संस्थांनी फीड चालू ठेवली तर रीडर जगेल. त्यांनी सगळे काही समाजमाध्यमांच्या पानांवरच टाकायला सुरुवात केली तर मात्र नागरिकाला सरकारची सूचना वाचण्यासाठीसुद्धा एका खासगी कंपनीच्या यंत्राची मर्जी सांभाळावी लागेल. आज अनेक कार्यालयांचा कल तिकडेच आहे, आणि तो चुकीचा आहे.

कार्यालयांनी फीड चालू ठेवावी यासाठी नवा कायदा नको. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातले कलम ४ सार्वजनिक प्राधिकरणांना सांगते की, नागरिकाने मागण्याआधीच जास्तीत जास्त माहिती ठरावीक काळाने, इंटरनेटसह विविध माध्यमांतून आपणहून द्यावी. फीड हा त्या कलमाचे पालन करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

पुढील प्रकरणांत रीडर कसा बसवायचा, फीडचे पत्ते कसे शोधायचे, दोन्ही जिल्ह्यांसाठी यादी कशी करायची आणि ती ग्रामसभेपर्यंत कशी न्यायची, हे टप्प्याटप्प्याने सांगितले आहे. ती वाचण्याआधी एक वही घ्या आणि गेल्या वर्षभरात कोणत्या पाच सूचना आपल्याला उशिरा कळल्या ते लिहा. त्या ज्या कार्यालयांतून निघाल्या ती कार्यालये म्हणजे तुमच्या यादीची पहिली पाच नावे. त्यांतल्या ज्यांना फीड नाही, त्यांनी ती सुरू करावी असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडा, मंजूर करून घ्या आणि जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन त्याची पोच घ्या.